तात्या पडले!

सखाराम भुवड पेंटरचा दावा असा होता, की आकाशवाणी दिल्लीला कळवते, पण रत्नागिरीला कळवतो तो सखाराम! दाव्यात दम होता. गोखले नाक्यावर, विठूशेठच्या मेडिकलसमोर त्यानं सहा बाय आठचा फळा उभा केला होता. त्यावर भारताचा नकाशा. जे राज्य ज्या पक्षाच्या पदरात पडेल, त्या पक्षाच्या रंगात सखाराम ते न्हाऊ घालायचा. एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात लोकसभेची मतमोजणी सुरू झाली आणि उत्तरेकडून अशी काही लाट आली, की उत्तर प्रदेश रंगवतानाच पिवळ्याचा डबा संपला. बिहार हळदीवर भागवावा लागला!

"पेंटरकाका, दक्षिणेचं काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडे.

"दक्षिण उलटी जाणार," सखाराम ब्रश न थांबवता सांगे. "उत्तर म्हणते डावीकडे, तर ही उजवीकडे. धाकट्या भावाची जात आहे ती!"

आणि एवढं बोलल्यावर मात्र ब्रश थांबे. कारण तो स्वतः धाकटा होता.

भानगड पाच वर्षांपूर्वीची. चौऱ्याऐंशीच्या निवडणुकीत इथून तात्यासाहेब उभे होते आणि सखाराम त्यांचा भक्त. जिल्ह्यातली एक भिंत त्यानं मोकळी सोडली नाही. एका गावात तर भिंत समजून अंधुक उजेडात म्हशीच्या पाठीवर 'ता' काढला होता. म्हैस उठली म्हणून 'त्या' राहिला. अशा माणसानं स्वतःचं घर कसं सोडावं? संगमेश्वरजवळच्या गावी थोरला भाऊ भागोजी शेतावर गेलेला बघून त्यानं घराच्या दर्शनी भिंतीवर सहा फुटी 'तात्या' काढून टाकला.

भागोजी परतला. भिंत बघितली. गोठ्यातून बादलीभर शेण आणलं आणि सहा फुटी तात्या नीट सारवून टाकला.

"ह्या भिंतीवर आपल्या बापाचा फोटो नाय," तो हात धुता धुता म्हणाला, "हा तुझा कोण लागून गेला?"

"निवडून येतील तेव्हा कळेल!"

"तवा ये मग."

"तेव्हाच येईन! त्याआधी ह्या उंबऱ्याला पाय लागला, तर नावाचा सखाराम नाही!"

तात्यासाहेब आपटले, आणि उंबऱ्याला पाय लागला नाही. पाच गणपती गेले, पाच शिमगे गेले. बायको मथुरा एकटी गावी जायची आणि निरोप घेऊन यायची.

"भावोजींनी विचारलंय तुमच्याबद्दल."

"काय विचारलं?"

"सख्याचा रंग सुकला काय, म्हणून."

"सांग, ऑइलपेंट आहे! सुकतो, पण निघत नाही!"

यंदा मात्र दिवाळीनंतर खुद्द भागोजीचं कार्ड आलं. कोंबडीनं शाईत पाय बुडवून अंगणभर हिंडावं, तसं अक्षर. 'भात झोडून झालं. उडवी घालायची आहे. वर चढायला गुडघे नको म्हणतात. पोराची, रघूची, लोट्याला कंपनीत पाळी असते, सुटी मिळेल तेव्हा. तू ये. निकाल काही लागो.'

उडवी म्हणजे पेंढ्याची घरापेक्षा उंच रास. खालून पेंढ्या फेकायला कुणीही चालतं, पण वर उभं राहून थर रचायला जाणता माणूस लागतो. भुवडांच्या घरात तो मान सखारामचा होता. भिंतीच्या आधी त्यानं उडव्याच उंच केल्या होत्या.

"जा हो," मथुरा म्हणाली. "मोठा माणूस 'ये' म्हणतोय. अजून काय पायघड्या घालायच्या?"

"जाणार तर! आठ दिवसांवर निकाल आहे. तात्यासाहेब या खेपेला येतातच. मान वर करून जातो. भिंतीसाठी रंगसुद्धा नेतो!"

"तोवर उडवी थांबेल?"

"पेंढा काय पळून जातोय!"

तर मतमोजणीचा दिवस. तात्यासाहेबांच्या समोर एक डॉक्टर उभे होते. त्यांचं नाव कुणी घेत नसे. सगळी रत्नागिरी त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणे. सखारामनं मतमोजणीच्या दाराशी केरू शिपायाला पेरून ठेवलं होतं. काही कळलं रे कळलं, की केरूनं विठूशेठच्या दुकानात फोन करायचा. केरूचा घसा बारा महिने बसलेला असे, पण बातमीला काय, घसा कसलाही चालतो.

अकरा वाजता फोन खणखणला. विठूशेठनं उचलला.

"हां… हां… सखाराम, तुझा! अरे, पण हा ट्रं…"

'ट्रंक कॉल' हा शब्द पुरा होईपर्यंत सखारामनं रिसीव्हर हिसकावला होता.

"हॅलो! काका! तात्या पडले!"

बसलेला, घोगरा आवाज. आणि वर अशी खरखर, की कुणी तारेवर चणे भाजतंय.

"काय सांगतोस! कितीनं?"

"आँ?"

"अरे, कितीनं पडले?"

"बारा-पंधरा… बारा-पंधरा तरी असंल…"

"हजार!" सखारामनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, आशा सोडा!"

"ते म्हणणारच! त्यांचं काय जातंय! आणि तात्या?"

"धड शुद्ध नाय. मधीच शुद्धीवर येतात न् तुमचं नाव घेतात. काका, लगेच निघा."

सखारामचा ऊर भरून आला. तात्यासाहेबांच्या अवतीभोवती वकील, आंब्याचे बागायतदार, होडीवाले शेठ. पण पडल्यावर माणसाला आठवण कुणाची झाली? तर भिंती रंगवणाऱ्याची!

"माझं नाव घेतात? नक्की?"

"सारखं! येताय ना?"

"बाबा रे, मी येऊन काय करू?" सखाराम म्हणाला. "पडलेल्या माणसाभोवती गर्दी बरी नव्हे. आणि इथला फळा कोण बघेल? अजून अख्खी दक्षिण यायची आहे!"

तारेवरचे चणे आणखी जोरात तडतडले.

"मग सांगू काय त्यांना?"

"सांग, काका म्हणाले, खचू नका. पाच वर्षांनी पुन्हा उभे राहाल!"

लाइन तुटली. सखाराम फळ्याशी गेला आणि त्यानं वीतभर अक्षरात लिहिलं: 'तात्या पडले.' अक्षर वाकडं आलं. लोकांना वाटलं, उमेदवारासाठी. खरं तर ते वाकडं आलं होतं उंबऱ्यासाठी. आणखी पाच वर्षं! भागोजी पासष्टचा, आपण अठ्ठावन्नचे. पुढच्या निवडणुकीपर्यंत कोण कुणाला ओळखणार?

पण नाक्याला हे दुःख कळायला वेळ नव्हता. डॉक्टरांच्या माणसांनी फटाक्यांची माळ लावली. तात्यासाहेबांसाठी केलेले वीस किलो पेढे हलवायानं, पाटी तीच ठेवून, डॉक्टरांच्या नावानं वाटायला काढले. बँडवाले दोन्ही बाजूंचे एकच होते. त्यांनी नुसतं तोंड वळवलं. तेवढ्यात साडेअकराची देवरूख गाडी गर्दीत अडकली. ती संगमेश्वरावरूनच जाते. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय पेंटर! गावाकडं येताय काय? जागा हाय!"

"पाच वर्षांनी!" सखाराम म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

एक वाजता मथुरा जेवणाचा डबा घेऊन आली आणि तिच्या मागोमाग धापा टाकत केरू आला.

"काका! हे काय लिवलंत? कोण पडलं? तात्यासाहेब चौदा हजारांनी पुढं हायत! डॉक्टर घरी गेले केव्हाच!"

"अरे गाढवा, तूच तर फोन केलास!"

"मी? मला बिडी ओढायला बाहेर सोडत नाहीत, फोन कुठला!"

"मग… मग फोन कुणाचा?"

विठूशेठ गल्ल्यावरून म्हणाला, "मी सांगत होतो, ट्रंक कॉल आहे म्हणून. संगमेश्वरचा."

बँड वाजतच होता. मथुरानं हातातला डबा फुटपाथवर ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "रघू त्याच्या बापाला काय म्हणतो?"

सखाराम भावाला आयुष्यभर 'दादा' म्हणत आला होता. पण रघू त्याला 'तात्या' म्हणे. लहानपणापासून. घरातले सगळेच म्हणत. पाच वर्षं त्या घरात पाऊल न टाकलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र एकच तात्या उरला होता, आणि तो मतपत्रिकेवरचा होता.

तोवर तात्यासाहेबांची माणसं येऊन थडकली होती. पुढे रावजी ड्रायव्हर, हातात डांबराचा डबा. खोटा निकाल देणाऱ्याचं तोंड काळं करायचं ठरलं होतं. रावजीनं जवळ येऊन सखारामकडे बघितलं, आणि डबा खाली ठेवला.

"ह्याचं आधीच झालंय रे," तो म्हणाला. "काय झालं, काका?"

मथुरानं सांगितलं. रावजीनं दोघांना तडक प्रचाराच्या जीपमध्ये घातलं. हेतू सोन्यासारखा होता. पण जीप विजयाची होती! बॉनेटवर हार, टपावर कर्णा, आणि आत सकाळपासून लावलेली टेप: 'आले हो आले, तात्या आले!' बटण अडकलं होतं. हातखंब्याला लोकांनी जीप अडवली, दोघा-तिघांनी चढून सखारामला गुलालानं माखलं, एकानं गळ्यात झेंडूचा हार घातला. "अरे, सोडा त्याला," रावजी ओरडत होता. पण वर कर्ण्यात तात्या येतच होते. बावनदीच्या वळणावर आले, संगमेश्वरच्या पुलावर आले. दवाखान्याशी कळलं, की पेशंटला घरी नेलं. म्हणजे काय, ते कंपाउंडरनं सांगितलं नाही. टेपच्या आवाजात ऐकू आलंही नसतं.

'आले हो आले, तात्या आले!'

जीप अशी थेट भुवडांच्या अंगणात शिरली. अंगणात गाव बसलं होतं. ओटीवर भागोजी निजला होता, पांढऱ्या कापडाखाली. रावजीनं दात ओठ खाऊन कर्ण्याची तार हिसकून तोडली, तेव्हा कुठं तात्या यायचे थांबले.

सखाराम खाली उतरला. उंबऱ्याशी भागोजीची बायको तुळसा उभी होती. तिनं दिराला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"आधी डोकं धुवा, भावोजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "त्यांना भिंतीवरचा रंग चालला नाय. तुमच्या अंगावरचा कसा चालेल?"

विहिरीशी रघूनं पाणी ओतलं. पाणी गुलाबी होऊन अळवाच्या वाफ्यात गेलं. समोर बारा-पंधरा फुटांची अर्धी उडवी उभी होती; एका बाजूनं थर ढासळलेला, शिडी तशीच टेकलेली. रघूचा घसा रडून पार बसला होता. केरूसारखाच.

"मला कालच सुटी मिळाली. म्हटलं, मी चढतो. तर म्हणाले, तुला रचता येत नाय, तू खालून फेक." रघूनं तांब्या भरला. "दोनला गेले, काका."

साडेअकराची गाडी संगमेश्वरला दीडला पोचते. हे सखारामला कुणी सांगायची गरज नव्हती.

"फोनवर तुम्ही काय बोलत व्हतात, मला काय कळलं नाय," रघू म्हणाला. "वाटलं, राग गेलेला नाय अजून. पण तुम्ही सांगितलंत ना, तसंच सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"काका म्हणाले, पाच वर्षांनी पुन्हा उभे राहाल."

सखारामनं विहिरीचा काठ धरला. "मग?"

"हसले. डोळे मिटूनच. म्हणाले, 'बोलला काय सख्या? बोलला तर खरा.' मग थोड्या वेळानं म्हणाले, 'विचार त्याला, त्याचा माणूस आला काय.' मी पुन्हा ट्रंक लावला. लागायच्या आत…"

त्यानं तांब्या काठावर ठेवला.

"आला काय हो, काका?"

"आला."

"कितीनं?"

अख्ख्या देशाचे आकडे तोंडपाठ असलेल्या सखारामनं तोंड उघडलं. उत्तर आठवली, दक्षिण आठवली, हळदीतला बिहार आठवला. चौदाच्या पुढं मागं काहीतरी केरूनं सांगितलं होतं. तो अर्ध्या उडवीकडे बघत राहिला.

"बारा-पंधरा," तो म्हणाला. "बारा-पंधरा तरी असेल."