मस्कतची पेटी तापेना

मेव्हणा येईल त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, असं बलभीमरावांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

मेव्हणा म्हणजे व्यंकट, मस्कतला नोकरीला. ऐन दुष्काळात त्यानं बहिणीसाठी मायक्रोवेव्ह नावाची पेटी आणली होती. अख्ख्या कळंब तालुक्यात अशी दुसरी नाही, असं बलभीमराव सांगत सुटले होते (तालुका कुणी तपासला होता?). ते गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पेटी स्वयंपाकघरात ठेवली तर बघणार कोण, म्हणून ती बैठकीत, वर विणलेला रुमाल टाकून. दुष्काळभर तिनं चहा असा तापवला की पिणाऱ्याची जीभ पोळावी. यंदा पाऊस मनासारखा झाला, विहिरी भरल्या आणि पेटी रुसली. आतला दिवा लागायचा, ताटली फिरायची, चहा मात्र गारच.

आणि आज दुपारी व्यंकट येणार होता; त्याच्यापुढं सगळं पेटीतच तापवायचं, म्हणून तर चूल बंद.

"माझ्या भावानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू तुमी बिघडवली," सुमनबाई म्हणाल्या, "आता म्या म्हायेरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"म्या काय केलंय?"

"वले पायमोजे कुणी वाळवले त्यात?"

बलभीमरावांनी विषय बदलला. रेडिओला देतात तशी पेटीला थाप दिली. प्लग घासला. पेटीचं तोंड पूर्वेला केलं. दृष्ट काढावी म्हटलं तर मीठ-मिरच्या टाकायला निखारा हवा, आणि चूल तर त्यांनीच बंद ठेवलेली! शेवटी टेबलाखालची वायर बघायला त्यांनी खोलीतला बल्ब लावला. बल्ब पेटला तो पिकल्या बोरासारखा तांबडा.

"दुष्काळात कशी झ्याक चालायची," सुमनबाई हळहळल्या.

बलभीमराव टेबलाखालीच थबकले. दुष्काळात विहिरींना पाणी नव्हतं, मोटारी बंद होत्या, सगळी वीज त्यांच्या पेटीला मिळायची. आता प्रत्येक रानात मोटार चालू होती. आणि या मोटारी सोसायटीतून मंजूर करून घ्यायला तालुक्याला चपला झिजवल्या कुणी? त्यांनीच! उठताना टेबल डोक्याला लागलं.

ते तसेच रानाकडं पळाले. पहिलीच विहीर हणमंतप्पाची.

"हणमंतप्पा, मोटार बंद कर."

"का वो शेक्रेटरीसाब? जळाली काय?"

"न्हाय रे. चहा गरम करायचाय."

हणमंतप्पानं त्यांच्याकडं काळजीनं बघितलं. "उन्हाचं फिरू नका. दोन वरसांनी हिरीला पाणी आलंय, आन तुमच्या चहापायी मोटार बंद करू?"

"माझ्या न्हाय, पाव्हण्याच्या. सुमनचा भाऊ यायलाय मस्कतहून. त्याच्याम्होरं पेटी तापली पायजे, दहाच मिनिटं!"

"मंग आधी पाव्हणा म्हणायचं की! तुमचा पाव्हणा त्यो गावाचा पाव्हणा." हणमंतप्पानं मोटार बंद केली आणि बांधावर उभं राहून हाळी दिली. हाळीला हाळी मिळत गेली. एकेक मोटार थांबली आणि शिवार कसं शांत झालं. बलभीमरावांचे डोळे भरून आले.

अडचण एवढीच की मोटारी बंद करून मंडळी रानात थांबली नाहीत. पाहुणा बघायला सगळे बैठकीत.

व्यंकट आला. बलभीमरावांनी कप आत ठेवला. दिवा लख्ख लागला, ताटली फिरली, चहातून वाफा निघाल्या. बैठकीत टाळ्या झाल्या. सुमनबाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि व्यंकट मात्र ओशाळं हसला.

"दाजी, मस्कतला रोज हेच खायलोय. चुलीवरची भाकर मिळंल म्हणून सकाळपासनं उपाशी आलो बघा."

मग चूल पेटली. व्यंकटला भाकरी आणि सगळ्या बैठकीला पातेलंभर चहा. हसणं-खिदळणं चाललं, बहीणभावांच्या गप्पा संपेनात. हणमंतप्पा पेटीपुढून हलेना.

"शेक्रेटरीसाब, मोटारी दिल्या तशा सोसायटीतनं घरोघरी ह्या पेट्याबी द्या."

"व्हय व्हय!" सगळी बैठक म्हणाली.

"बघू की," बलभीमराव अवसान आणून म्हणाले.

"बघा. आन एक ध्यानात ठिवा," हणमंतप्पा उठत म्हणाला, "माझ्याकडं पाव्हणा आला, की तुमची पेटी दहा मिनिटं बंद ठिवा."