पास्तोहून आलेलं शेवाळ

बोगोताच्या शेवाळतज्ज्ञांच्या परिषदेला निघण्यापूर्वी डॉ. एवेलिओ चापारो तुंहातल्या आपल्या स्वयंपाकघरात गरम चॉकलेटमध्ये चीज बुडवत आईला भाषण वाचून दाखवत होते. डोंगरमाथ्यावर अभ्यासासाठी लाल फीत बांधून राखलेल्या त्यांच्या खडकावर एक शेवाळ सापडलं होतं. जनुकं तपासली, तर त्याचे सख्खे भाऊबंद निघाले थेट देशाच्या दक्षिण टोकाला, पास्तोच्या डोंगरात. रानबदकांच्या पायांना चिकटून ते इतक्या लांब आलं, असा डॉक्टरांचा सिद्धांत होता. तीन वर्षं त्यांनी त्यावर रक्त आटवलं होतं.

त्यांच्या आई, दोन्या हेर्सिलिया, शर्टाला इस्त्री करता करता थांबल्या.

"बदकंच असतील का रे नक्की?"

"दुसरं कोण असणार, आई?"

"तू रागावशील."

"मी कशाला रागावू?"

"पाच वर्षांमागे तू रेडिओवर म्हणालास ना, नाताळच्या देखाव्यात शेवाळ अंथरणारे डोंगरचोर आहेत म्हणून. मी त्याच दिवशी बाजारातून टोपलीभर आणलं होतं. येशूबाळाला काय उघड्या फरशीवर झोपवू? पण लाज वाटली रे. तेव्हापासून देखावा उतरवला, की मी ते डोंगरावर परत नेऊन ठेवते."

"डोंगरावर कुठे?"

"तुझ्याच खडकावर. म्हटलं, फीत बांधलीये, तिथे नीट सांभाळलं जाईल."

"आणि बाजारात ते येतं कुठून?" डॉक्टरांचा आवाज खोल गेला.

"पास्तोहून. बटाट्याच्या ट्रकमधून."

डॉक्टरांना चिडायचं होतं, पण चिडायला तोंड राहिलं नव्हतं. दर जानेवारीत म्हातारी गुडघे धरत तो डोंगर चढत होती, ती त्यांच्याच एका शब्दापायी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

व्यासपीठावर उभं राहिल्यावर त्यांचे कान तापले. खोटं रेटणं जमेना. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगून टाकलं. बदकं आलीच नव्हती, ट्रक आला होता, आणि पुढचं काम आईने केलं होतं. मग ते हशाची वाट बघत राहिले.

कुणीच हसलं नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी रेडिओवर डोंगरचोरांचं तेच भाषण ठोकलं होतं, आणि प्रत्येकाच्या आईच्या घरी देखावा होता. अध्यक्षबाईंनी तर गेल्याच महिन्यात एका अजब शेवाळाची नवी जात म्हणून घोषणा केली होती.

"दहा मिनिटं विश्रांती," त्या पुटपुटल्या आणि फोन काढत सगळ्यांत आधी दाराकडे निघाल्या.

बाहेर व्हरांड्यात चाळीस शेवाळतज्ज्ञ भिंतीकडे तोंड करून, कधी नव्हे इतक्या गोड आवाजात विचारत होते, "आई, देखावा उतरवल्यावर त्या शेवाळाचं काय करतेस गं?"