अकरा पॉइंट आठ

बायकोचा ब्लड रिपोर्ट शुक्रवारी लंच टाइमला माझ्या मोबाइलवर आला. सुचित्राने बजावलं होतं, "आला की डॉक्टरांना पाठवा, तुम्ही उघडू नका." पण बारावीला सायन्स घेतलं होतं (पास कॉमर्सला झालो), म्हणून म्हटलं, एक नजर टाकू.

टीएसएच अकरा पॉइंट आठ. ठळक अक्षरात. चारपर्यंत नॉर्मल.

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. शेजारच्या टेबलावरच्या राजरत्नला दाखवलं.

"वहिनी गोळी कसली घेतात?" त्याने विचारलं.

"थायरॉईडची. सहा वर्षं झाली."

"थायरॉईड तिप्पट झालाय आणि तू वरून थायरॉईडच देतोयस? बादली भरून वाहतेय रे, आधी नळ बंद कर."

मला पटलं. (राजरत्नचं मला नेहमी पटतं. त्याच्यामुळे मी दोनदा चुकीचा टॅक्स भरलाय.) डॉक्टरबाईंची वेळ सोमवारची. तोवर थांबणं धोक्याचं वाटलं. लोअर परळला घरी पोचल्या पोचल्या मी गोळ्यांची बाटली खिशात घातली आणि म्हणालो, "डॉक्टरांशी बोललो. सोमवारपर्यंत गोळी बंद."

"किती आलाय आकडा?"

"जरा वर आहे."

शनिवार-रविवार मी तिच्यावरून नजर हलवली नाही. पंखा एकवर असून तिने चादर ओढली. मी घामाने निथळत होतो. पाय सुजलेले दिसले. दुपारी ती इतकी गाढ झोपली, की मी तिच्या नाकापुढे बोट धरलं.

"अहो, काय करताय?" ती डोळे मिटूनच म्हणाली.

"माशी होती."

मग ती उठून बसली. "माझ्यापासून काही लपवताय का?"

मी नाही म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि मला तिच्या एलआयसीचे कागद कुठे असतात तेही माहीत नव्हतं.

सोमवारी दादरला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. सुचित्रा म्हणाली, "तुम्ही यांना सांगितलंत, म्हणून गोळी बंद ठेवली."

"मी सांगितलं?"

मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. सुचित्राने ती उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"टीएसएच म्हणजे थायरॉईड नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "तो मेंदूकडून येणारा हुकूम. गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली, की वरून ओरडा वाढतो. आकडा वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतोय."

"आमच्या साहेबांसारखं," मी म्हणालो. "जितकं ओरडतात—"

"तितकं खाली काम होत नाही." त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. "दोन दिवस गोळी चुकल्याने आभाळ कोसळत नाही. पण पुन्हा असं करू नका. आता मला सांगा, गोळी रोज घेऊनही आकडा वाढला कसा? गोळीबरोबर काही घेता?"

"चहा," सुचित्रा म्हणाली. "दोन महिन्यांपासून हेच सकाळी करून हातात देतात. गोळी त्याबरोबरच."

"दुधाचा," मी अभिमानाने म्हणालो. "आलं घालून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चहा-दुधाने गोळी अंगी लागत नाही. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने. डोस तोच. सहा आठवड्यांनी परत तपासू."

माझा जीव भांड्यात पडला. "आणि मी काय काळजी घेऊ, डॉक्टर?"

"तुम्ही तासभर उशिरा उठा."

"ते कागदावर लिहून द्या," सुचित्रा म्हणाली.