व्हर्लिनच्या फोर्डचा नॉमिनी

जावयाला आनंदाची बातमी जेवता जेवता सांगू नये, ही अक्कल व्हर्लिन स्टालला म्हातारपणी आली, आणि तीही बातमी सांगून झाल्यावर.

तसा बेत शहाणपणाचा होता. बायको, नोर्मा, वारली तेव्हा तिचे कपडे आठवड्यात चर्चला गेले, पण तिच्या नावावरची इवलीशी गाडी कोर्टाच्या तारखांत अशी अडकली, की ती सुटेपर्यंत तिच्यात उंदरांची दुसरी पिढी नांदत होती. ती कटकट मुलीच्या वाट्याला नको, म्हणून व्हर्लिन जिल्ह्याच्या कचेरीत गेला आणि आपल्या फोर्ड पिकअपच्या मालकीच्या कागदावर नॉमिनीचं नाव घालून आला. जगेपर्यंत गाडी आपली. आपण गेलो की नॉमिनीने मृत्यूचा दाखला दाखवायचा आणि किल्ली घ्यायची. कोर्ट नको, वकील नको. मुलगी डार्ला एवढी मोठी गाडी चालवायला घाबरायची, म्हणून नाव जावयाचं घातलं.

रविवारी डार्लाकडे जेवताना त्याने हे सांगितलं. जावई ब्रेंटच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मी तिला जिवापाड जपेन."

"मी मेल्यावर जप," व्हर्लिन म्हणाला. पण ब्रेंटला तेवढा धीर कुठला!

दुसऱ्याच दिवशी सीटवर प्लास्टिक चढलं. मग गाडीत कॉफी प्यायला बंदी झाली. मग व्हर्लिनची म्हातारी कुत्री, डचेस, तिच्या नखांवर चर्चा झाली आणि तिला मागच्या उघड्या हौद्यात बसायला सांगण्यात आलं. ती काही बसली नाही. ती व्हर्लिनकडे बघत राहिली आणि व्हर्लिन दुसरीकडे बघत राहिला.

ओहायोत बर्फ पडला, तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकलं गेलं, आणि ब्रेंट धावत आला. "बाबा, मिठातून बाहेर पडू नका. गंज चढेल!"

"मला?"

"गाडीला हो!"

आणि त्याने ती सरळ आपल्या कोठारात नेऊन उभी केली. वर गोधडी घातली. "मार्चपर्यंत राहू द्या. कुठं जायचं झालं तर मला फोन करा, मी आहे की!"

ब्रेंटची कारखान्यात सकाळची पाळी. आणि व्हर्लिनला जायचं असायचं ते नेमकं सकाळी, लोइसच्या हॉटेलात. नोर्मा गेल्यापासून घर खायला उठायचं. दिवसभरात माणसाचा आवाज ऐकायचा तो तिथेच, अंडी-बेकन खाताना. आता तेही गेलं. खिडकीशी बसून मीठ टाकणारी गाडी बघायची, एवढाच उद्योग उरला. भांडायचं तरी कुणाशी? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पोरगा वाईट असता तर सोपं झालं असतं.

शेवटी त्याने ठरवलं, की नाव बदलायचं. पण कचेरीत जायला गाडी हवी, आणि गाडी गोधडीखाली. उरला शेजारचा एमेट क्लोट्झ.

एमेट शेव्हरोलेवाला. त्याचा बाप शेव्हरोलेवाला, आजा शेव्हरोलेवाला. त्या गावात माणूस एकवेळ चर्च बदलेल, पण गाडीची कंपनी बदलणार नाही. दोघांची दारं समोरासमोर, पण इतक्या वर्षांत बोलणं झालं ते टोमण्यांचंच. लोइसच्या हॉटेलातही फोर्डवाल्यांचं टेबल खिडकीपाशी आणि शेव्हरोलेवाल्यांचं भट्टीपाशी.

"माझ्या गाडीत बसणार? तू?" एमेटने दार उघडतानाच दात काढले. "थांब, फोटो काढतो."

व्हर्लिन टोपी नाकापर्यंत ओढून बसला.

"टोपी वर कर! बघू दे की गावाला!"

"गुमान चालव."

कचेरीतली बाई प्रेमळ होती. जुनं नाव तिने चुटकीसरशी काढलं. "आता कुणाचं घालू, आजोबा?"

याचा विचारच केला नव्हता. कोरं सोडावं तर पुन्हा कोर्ट. डार्लाचं घालावं तर ते ब्रेंटचंच घातल्यासारखं. चर्चचं घालावं तर रविवारच्या शाळेतली सगळी पोरं बादल्या घेऊन गाडी धुवायला दारात येतील. हवा होता असा माणूस, जो या गाडीला हात लावणार नाही, हिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. व्हर्लिनने शेजारी पाहिलं. एमेट भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या फोर्डकडे पाठ करून बसला होता.

"एमेट क्लोट्झ," व्हर्लिन म्हणाला.

एमेट ताडकन उठला. "वेडबिड लागलंय का तुला? फोर्ड? माझ्या दारात? माझा बाप थडग्यातून उठून येईल!"

"म्हणूनच तू."

"अहो बाई, माझी सही लागेल ना? मी नाही देत जा!"

"नाही लागत," बाई हसून म्हणाली. "अभिनंदन!"

 फुकटची गाडी नाकारण्याइतका एमेट खुळा नव्हता, आणि फोर्डमध्ये बसण्याइतका निर्लज्जही नव्हता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

बातमी गावभर झाली, आणि संध्याकाळी ब्रेंट स्वतःच गाडी घेऊन आला. टाकी भरलेली, प्लास्टिक काढलेलं. "बाबा, माझं काही चुकलं का हो?"

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही रे बाळा. तुझं काही चुकत नाही, तीच तर पंचाईत आहे."

सकाळी डचेस पुढच्या सीटवर, कॉफी मांडीत आणि रस्ताभर मीठ. व्हर्लिन राजासारखा लोइसच्या हॉटेलात शिरला. अंडी आली, बेकन आलं, वर ॲपल पायची गोड फोड आली. त्याने काटा उचलला तोच समोरची खुर्ची सरकली. एमेट! फोर्डवाल्यांच्या टेबलाशी! 

एमेटने ताटली उचलून शेजारी बसलेल्याला दिली. "लोइस, ह्याला ओट्सची लापशी दे. साखर नको."

"माझी ताटली!"

"कोलेस्ट्रॉल किती आहे तुझं?"

"तुला रे काय करायचंय?"

"मला? मलाच तर करायचंय!" एमेटने टेबलावर मूठ आपटली. "तू गचकलास की ती डबडी माझ्या दारात. मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही. तुला माझ्यामागे जगावं लागेल. खा!"

तेव्हापासून आगीतून उठून फुफाट्यात. व्हर्लिनने बर्फ ओढायला फावडं उचललं की एमेट धावत यायचा. "ठेव ते! हृदय फुटेल!" आणि स्वतः ओढायचा. संध्याकाळी फिरायला न्यायचा, वाटेत रक्तदाबाच्या गोळीची चौकशी करायचा, आणि वर शिव्याही घालायचा. रात्री व्हर्लिनचा दिवा वेळेवर विझला नाही, की समोरून फोन. "मेलास का?"

"नाही."

"मग झोप."

बर्फ वितळायला लागला तेव्हा व्हर्लिन पार दमला होता. बेकनची चव विसरून गेला होता. एका सकाळी त्याने लापशीचा वाडगा पुढे ढकलला. "एमेट, चल कचेरीत. तुझं नाव काढून टाकतो. तू सुटशील, मीही सुटेन."

एमेट बराच वेळ कॉफी ढवळत बसला. कॉफीत साखर नव्हती. खिडकीबाहेर फोर्ड उभी होती, आणि काचेला नाक लावून डचेस दोघांकडे बघत होती.

"रस्त्यावर अजून मीठ आहे," एमेट म्हणाला.

"तुझी तर शेव्हरोले, गंजत नाही म्हणतोस. तुला काय मिठाचं?"

"घाई काय आहे म्हणतो मी," एमेट गुरकावला, आणि त्याने वाडगा पुन्हा व्हर्लिनपुढे सरकवला. "आधी लापशी संपव."

व्हर्लिनने चमचा उचलला.