सुपोषणाचा भोंगा

कठीण धडा पाठ करण्याची माझी स्वतःची पद्धत आहे, आणि ती आजवर एकदाही फसली नव्हती. आमच्या औरंगपुऱ्यात नळाला आठवड्यानं पाणी येतं. पाण्याबद्दल काही सांगायचं असलं की भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरते. तो भोंग्यातला माणूस एकदा बोलला की गल्लीत कुणीही काही विसरत नाही. म्हणून डोक्यात न शिरणारा मजकूर मी त्याच्याच चालीवर म्हणतो!

यावेळी गरजही तशीच होती. बारावीचं पर्यावरण सगळेच हसण्यावारी नेतात, मीही नेलं. तोंडी परीक्षेत मंजुषा मॅडमनी विचारलं, सुपोषण म्हणजे काय? नाव ऐकून मला अंगणवाडीतली खिचडी आठवली आणि मी ती सविस्तर सांगितली. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"केयूर, श्रेणी नसली तर बारावीचा निकाल अडकेल तुझा. उद्या परत ये. सुपोषण सांगितलंस तर पास."

आईला सांगायची तर छातीच होईना.

दुपारी गच्चीवर गेलो. संध्याकाळी पाणी येणार म्हणून आईनं एक पिंप घासून आडवं करून ठेवलं होतं. सहज त्यात डोकं घातलं, तर आवाज काय घुमला! हुबेहूब भोंगा. मग काय, सुरूच झालो.

"नागरिकांनो, इकडे लक्ष द्या! पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले आहे. शेवाळ बेसुमार माजले आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपत आहे. मासे मरत आहेत!"

'नागरिकांनो' तेवढं माझं, बाकी सगळं पुस्तकातल्या सुपोषणाच्या धड्यातलं. एकदाही न अडखळता म्हणता येईपर्यंत मी पिंपातून डोकं काढलं नाही. काढलं तेव्हा खालून धो-धो आवाज येत होता. कठड्यावरून वाकून पाहिलं. अख्खी गल्ली पाणी ओतत होती!

समोरच्या मालनबाई पदर खोचून पिंप लवंडत होत्या आणि घराघरात ओरडून सांगत होत्या, की मासे मेलेलं पाणी पोटात गेलं तर लेकरं वाचायची नाहीत. नवीन पाणी संध्याकाळी येणारच होतं, त्यामुळे जुनं ओतताना कुणाचा हात अडला नाही. मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली धावलो. आमच्या मोरीत आईनं शेवटची घागर पालथी घातलेली होती.

"आई, ते पाणी..."

"ओतलं बाबा सगळं. तू गच्चीवर होतास ना? ती रिक्षा कुठे गेली, पाहिलीस का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण दारात पाचसहा बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. बादलीचा मार कसा लागतो, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझा हात आपोआप वर झाला आणि मी म्हणालो, "छावणीकडे."

शेजारचे लक्ष्मणकाका लगेच स्कूटर काढून छावणीकडे सुटले. तासाभरानं परत आले ते घाम पुसतच. तिकडं कुणालाच काही माहीत नव्हतं. काकांनी त्यावरून ताडलं, की प्रकरण वरून दाबलं जातंय! तोवर मालनबाईंनी मोबाइलवर घेतलेला तो आवाज गल्लीच्या ग्रुपवरून मागच्या गल्लीत, तिथून तिच्याही मागे गेला होता. जिथं जिथं गेला, तिथं तिथं मोऱ्या वाहिल्या.

संध्याकाळी सगळे नळाला टक लावून बसले. नळानं नुसती हवा सोडली. मोठी लाइन फुटली होती, पाणी आता चार दिवसांनी येणार होतं. ही बातमी मात्र खऱ्या रिक्षेनं दिली, आणि तो बिचारा भोंगेवाला गल्लीच्या मारातून थोडक्यात वाचला.

"ह्यो तो न्हाई, त्याचा आवाज लई घुमत व्हता," मालनबाई म्हणाल्या. "घावू द्या तो मेला, नळालाच बांधते त्याला."

मी घरात जाऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं. भीतीनं घाम फुटला होता आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं.

सकाळी बिनअंघोळीचा कॉलेजात गेलो. मंजुषा मॅडमही तशाच वाटल्या. शेजारच्या सरांना त्या सांगत होत्या, "आमच्याकडेही आली ना ती क्लिप! मी पर्यावरण शिकवते, मला तर अर्थ कळला. सगळ्यांच्या आधी मी ओतलं. तीनदा ऐकलीय, आता तो आवाज कुठंही ओळखेन." मग माझ्याकडे वळल्या. "हं केयूर, सुपोषण."

उत्तर अगदी जिभेवर होतं, कानामात्रेसकट! पण पाठ झालं होतं ते त्या चालीवर, आणि चाल सोडून त्यातला एक शब्द बाहेर येईना. मी तोंड उघडलं. घशातून नुसतं 'ना' निघालं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"काय झालं?"

"ना... नाही येत, मॅडम."

मॅडमना माझी दया आली. त्यांनी मला सोमवारी परत बोलावलं आणि पाठीवर हात ठेवला.

"इतकं घाबरू नये रे. तू मनातल्या मनात वाचत असशील, म्हणून होतं असं. जरा गच्चीवर जाऊन मोठ्यानं म्हणत जा."