ऑर्किडचा कोट

"वन्सं, यंदा फुलणार. लिहून ठेवा," टाचणीबाईंनी फोनवर नणंदेला सांगून टाकलं. तोंडात तीन टाचण्या धरून एवढं ठाम बोलणं सोपं नसतं, पण पंचवीस वर्षं कपडे शिवल्यावर त्यांना ते जमायचं. गल्लीत नावही त्यावरूनच पडलेलं.

विषय सासूबाईंच्या ऑर्किडचा होता. सासूबाई होत्या तोवर ते दर हिवाळ्यात फुलायचं. त्या गेल्या, कुंडी सुनेकडे आली, आणि दोन हिवाळे त्याने पानांपलीकडे काही दाखवलं नाही. नणंदेने मग स्पष्टच सांगितलं होतं, "वहिनी, यंदाही नुसती पानंच असतील तर मी आईचं झाड माझ्याकडे नेते." पण सासूबाईंनी कुंडी देताना लेकीकडे न बघता आपल्याकडे बघितलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

आणि आता खालच्या पानाजवळून, खोलीच्या बाजूला, करंगळीएवढं हिरवं टोक बाहेर आलं होतं. फुलांचा दांडा. दुसरं काय असणार?

त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी खिशातलं भिंग काढून टोक निरखलं. "अगं, हे पुढे गोल आहे. वर राखाडी झाक आहे. मला तर मूळ वाटतंय."

"तुम्ही गिऱ्हाइकांचे डोळे बघा. झाड मी बघते."

"तू पण बघ ना. तो चष्मा लावून बघ एकदा."

तो चष्मा त्यांनी स्वतः बायकोसाठी बनवला होता. दोन वर्षं तो बटणांच्या डब्यात मुक्कामाला होता. बाई सुईत दोरा अंदाजाने ओवायच्या, आणि सातव्या खेपेला ओवला गेला तरी पहिल्या खेपेचा आनंद मानायच्या.

'दांड्या'ला काठीचा आधार मिळाला. काठीला सॅटिनच्या रिबिनीने तो हलकेच बांधला गेला. दर सोमवारी टेपने माप. "अर्धा इंच," बाई जाहीर करायच्या, आणि यजमान चहात बघत "वा" म्हणायचे. एकतीस वर्षांच्या संसारात वा कुठे म्हणायचं हे त्यांना नेमकं कळलं होतं.

मग थंडी वाढली. काचेजवळचा गारठा ऑर्किडला बाधतो असं बाईंनी कुठेतरी वाचलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या ओव्हरकोटाचं उरलेलं कापड काढून त्यांनी कुंडीला कोट शिवला. आत कापसाचं अस्तर, मागे काचेच्या बाजूला उंच कडक कॉलर, पुढून गळ्याशी उघडा, म्हणजे दांड्याची घुसमट नको. खिडकीचा जाड पडदाही एका बाजूने अर्धा ओढून ठेवला. कुंडी फिरवली तर कळ्या गळतात, हेही त्यांनी वाचलं होतं. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर खडूने कुंडीभोवती रेघ मारली आणि घरात हुकूम सुटला, या रेघेबाहेर कुंडी गेली तर माझ्याशी गाठ आहे.

महिन्याभराने समोरच्या सलूनवाल्याने बाईंना रस्त्यात गाठलं. "ताई, तुमच्या खिडकीत काय सुरेख दिसतंय हो. खुर्चीतलं गिऱ्हाईक मान वळवून बघतं, मला वस्तरा थांबवावा लागतो."

"फिटिंग नीट बसलं की दिसतंच सुरेख," बाई लाजून म्हणाल्या.

"हो का?" तो आदराने म्हणाला. झाडांतलं त्याला फारसं कळत नव्हतं.

त्या दिवशी कोटाला पितळी बटणं लागली. पुढच्या आठवड्यात सलूनवाला म्हणाला, "दिवसेंदिवस खुलतंय." तर खिसा आला.

"झाड खिशात काय ठेवणार?" यजमानांनी विचारलं.

"शोभेचा आहे तो."

रविवारी नणंद आली. पर्स खाली न ठेवता ती थेट खिडकीपाशी गेली, कोट बघितला, खिसा बघितला, रिबीन बघितली. चष्मा नाकावर घेऊन वाकली.

"वहिनी, तू मुळाला काठी बांधलीस."

यजमान घाईने टेबलावरच्या टाचण्या गोळा करू लागले.

बाईंनी बटणांच्या डब्यातून चष्मा काढला, लावला आणि पाहिलं. गोल टोक. राखाडी झाक. मूळच, आणि वर सॅटिनची रिबीन. "न्या, वन्सं," त्या हळू म्हणाल्या. "मला नाही जमलं." त्यांनी स्वतःच कोटाची बटणं काढली आणि खडूच्या रेघेतून कुंडी उचलली. कुंडी अडली.

"थांब, थांब. ओढू नकोस," म्हणत यजमानांनी पडदा सरकवला.

कॉलरच्या मागून एक दांडा आडवा निघून, उजेड शोधत, काचेला लगटून पडद्यामागे पोचला होता. त्यावर सात पांढरी फुलं. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, पाठी घराकडे.

नणंदेने बोटाने एकेक फूल मोजलं. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आईच्या वेळी पाचाच्या वर कधी आली नव्हती. राहू दे इथेच."

"फिरवून ठेवू का?" यजमान म्हणाले.

"हात लावून बघा," दोघी एकदम म्हणाल्या.

आता फुलं समोरून बघायची तर एकच वाट होती. तिघं चहाचे कप घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि सलूनच्या बाकावर ओळीने बसली. सात फुलं खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. सलूनवाल्याने कौतुकाने वस्तरा थांबवला.

"म्हणालो नव्हतो, ताई? पहिली कळी उघडली तेव्हापासून बघतोय."

बाईंनी चहाचा घोट घेतला. विचारू नये असं वाटत असूनही त्यांना राहवलं नाही.

"आणि कोट?"

"कोणता कोट?" सलूनवाला म्हणाला.