सासूला घरातून हलवायचं

सासूबाईंना ती चिठ्ठी सापडली सुनेच्या उशीखाली. तिथे त्यांचा हात कशाला गेला, हे विचारायचं नसतं. शाळेत तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा केलेल्या बाईंचा हात चिठ्ठीवर आपसूक पडतो. चौकटींचा कागद होता आणि त्यावर सुनेचं रेखीव अक्षर.

'सासूला घरातून हलवायचं. त्या घरात आईला बसवायचं. नाहीच जमलं तर सासूचा बळी.'

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मजकूर तोच राहिला. तोंडावर 'आई, आई' आणि कागदावर सासू! बळीपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी मुलाला त्याच्या चष्म्याच्या दुकानात फोन लावला.

"तुझी बायको मला घराबाहेर काढतेय."

"आई, गिऱ्हाईकाच्या डोळ्यात थेंब घातलेत गं. संध्याकाळी बोलू."

"संध्याकाळी मी असेन का?"

"का? कुठे जाणारेस?"

इतकं साळसूद माणूस उगाच बोलत नाही. म्हणजे हाही सामील! सासूबाईंची खात्रीच पटली.

दुपारी सून कामावरून आली आणि खोलीचं दार लोटून बहिणीशी फोनवर बोलू लागली. सासूबाईंनी दाराला कान लावला.

"सासूचा काही उपयोग नाही गं. नुसती कोपऱ्यात उभी असते. सासरे? त्यांना तर मी कालच संपवलं."

सासूबाई धावत गॅलरीत गेल्या. सासरे आरामखुर्चीत होते. तोंडावर वर्तमानपत्र होतं आणि ते जराही हलत नव्हतं.

"अहो!" त्यांनी नवऱ्याला गदागदा हलवलं.

"काय? चहा झाला?"

"तुम्हाला कालच संपवलंय म्हणे!"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "तरीच कालपासून गुडघा धरलाय," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडावर ओढलं.

या माणसाच्या जिवावर बसण्यात अर्थ नव्हता. मुलगा घरी आला तेव्हा सासूबाई आपल्या खोलीत कडी लावून, दाराला कपड्यांची पेटी टेकवून, वर स्वतः बसल्या होत्या.

"मी या घरातून हलायची नाही! आणू दे तिला तिच्या आईला, बघतेच कुठे बसवते ती!"

"माझ्या आईला? कोण आणतंय?" सून बाहेरून म्हणाली.

दाराच्या फटीतून चिठ्ठी बाहेर आली. सून खो खो हसली. आतून हुंदका ऐकू आला तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

"आई, दार उघडा ना. अहो, हे राहतं घर नाही. पटावरचं घर आहे, सोंगटीचं!"

पेटी सरकली. सुनेने तळहाताएवढं खेळाचं यंत्र पुढे केलं. पडद्यावर चौकटीच चौकटी आणि त्यांत शिंगं, शेपट्या, सुळे. "मंत्र म्हणून राक्षस बोलवायचे, एकेका घरात उभे करायचे आणि लढवायचे. एकाचा बळी दिला की दुसऱ्याची ताकद वाढते. यांची खरी नावं इतकी अवघड आहेत, की मी आपली घरातलीच ठेवली. चुकलं माझं."

मुलाने निःश्वास टाकला. सासूबाईंनी मात्र चष्मा नाकावर चढवून यंत्र डोळ्यांजवळ धरलं.

"यातली मी कुठली?"

"ही, हिरवी."

"आणि खाली बारा लिहिलंय ते?"

"ताकद."

"तुझ्या आईची किती?"

सून यंत्र परत घेऊ लागली. सासूबाईंनी स्वतःच शोधलं. अठ्ठेचाळीस!

"विहीणबाई अठ्ठेचाळीस आणि मी बारा?"

"आई, राक्षस आहेत ते," मुलगा म्हणाला.

"मग? राक्षसांत तरी मला मान नको? कशी वाढते ही ताकद?"

"लढावं लागतं," सून चाचरत म्हणाली.

सासूबाई पेटीवर नीट मांडी घालून बसल्या. "शिकव."

आठवडाभर यंत्र सुनेच्या हाती लागलं नाही. सासऱ्यांना चहा स्वतः करावा लागला. रविवारी सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या, तेव्हा कुठे तिने ते उघडलं. पटाच्या मधोमध हिरवी राक्षसीण उभी होती. ताकद साठ. सुनेने सगळी घरं दोनदोनदा धुंडाळली.

सासूबाई केस पुसत बाहेर आल्या.

"आई, माझी आई कुठाय?"

"तिच्या घरात आता मी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि यंत्रासाठी हात पुढे केला.